गुडघ्यासाठी पेप्टाइडच्या कॅप्सूल: दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा माझा अनुभव

"वय मागे नेणाऱ्या रशियन कॅप्सूल" असे मेसेज आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतही घरोघरी फिरतात. मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची आरोग्यसेविका, म्हणून निवृत्त झाले. उपकेंद्राची गावं पायी फिरण्यात सगळी नोकरी गेली, घरचं वावर आहेच, आणि दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजली आहे, उजव्यातली जास्त. मुलाने पुण्याहून या कॅप्सूल मागवून दिल्या. महिनाभर सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या, मग खंड, मग पुन्हा महिनाभर, असं दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चाललं. गावातल्या बायका अजूनही विचारतात, "सिस्टर, घेऊ का जी?" त्यांना रस्त्यात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी आत काय आहे ते. ॲलॅनिन, ग्लुटामिक आम्ल आणि ॲस्पार्टिक आम्ल, अशा तीन अमिनो आम्लांची (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) ही छोटी साखळी. अशा साखळीलाच पेप्टाइड म्हणतात. यामागचं संशोधन डॉ. व्लादिमीर खाविन्सन यांचं. १९७० च्या दशकात लेनिनग्राडच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्यांनी आणि व्याचेस्लाव मोरोझोव्ह यांनी वासरांच्या अवयवांतून पेप्टाइडांचे अर्क वेगळे करायला सुरुवात केली, पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांची स्वतंत्र संस्था झाली. त्यांचं म्हणणं असं की दोन ते चार अमिनो आम्लांचं पेप्टाइड इतकं लहान असतं की ते पेशीच्या केंद्रकात शिरतं, डीएनएला चिकटतं आणि वयोमानाने मंदावलेली जनुकं पुन्हा कामाला लावतं. कूर्चेचं पेप्टाइड कूर्चेसाठी, मेंदूचं मेंदूसाठी, अशी अवयववार विभागणी आहे.

कल्पना मला मनापासून आवडली. म्हातारपणाचं औषध पेनकिलरच्या पुढे जाऊन शोधणारं कोणी असेल तर ते हवंच आहे. पण वाचत गेले तशा दोन गोष्टी खटकल्या. २००३ मध्ये खाविन्सन-मोरोझोव्ह यांनी २६६ वयस्कांचा सहा ते आठ वर्षांचा अभ्यास छापला आणि मृत्यूचं प्रमाण बरंच घटल्याचं मांडलं. विक्रेते तोच आकडा पुढे करतात. मात्र त्या लोकांना थायमस आणि पिनियल ग्रंथींचे अर्क दिले होते, गुडघ्याची कॅप्सूल नव्हे. शिवाय या विषयावरचं बहुतेक काम एकाच गटाकडून आलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि प्राण्यांवर.

दुसरं पोटाचं. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं, तोंडाने घेतलं तर पचून जातं, म्हणून टोचावं लागतं. दोन-तीन आम्लांची पेप्टाइडं मात्र लहान आतड्यात पेप्ट-१ नावाचा वाहक अख्खी आत ओढतो, हे पाठ्यपुस्तकातलं विज्ञान आहे. पण आतड्याच्या पेशीत शिरल्यावर त्यांतली बहुतेक तिथेच तुटतात आणि रक्तात सुटी अमिनो आम्लं जातात. ती तर तुरीच्या वरणातूनही मिळतात. मग गुडघ्यापर्यंत अख्खं किती पोचत असेल?

आमच्या घरी याहून मोठा प्रश्न वेगळाच होता. हे गुरुदेव सेवा मंडळाचे, रोज सामुदायिक प्रार्थना, घरात अंडंही येत नाही. पहिली डबी हातात घेतली तर सगळी रशियन अक्षरं. ना हिरवा ठिपका, ना एफएसएसएआयचा क्रमांक. मुलाला फोन लावला, त्याने विक्रेत्याला विचारलं, तेव्हा समजलं की दोन प्रकार असतात: एक वासराच्या कूर्चेचा अर्क, दुसरा कारखान्यात जोडून तयार केलेला. आमचा दुसरा निघाला, पण वरचं टरफल जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्याच हाडा-कातड्याचं. मी टरफल उघडून पांढरी भुकटी पाण्यात घेत असे. माळकरी माणसाला हे कोणी आपणहून सांगत नाही आणि मला त्याचा फार राग आहे. श्रद्धेची गोष्ट विकत घेण्याआधी कळायला हवी.

आता गुडघा. पहिल्या महिन्यात काहीच फरक नाही. कापूस वेचणीत धुऱ्यावरून चालताना तीच कळ, सकाळी उठल्यावर तोच ताठरपणा. खंडाच्या काळात सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं. तिथे फिजिओथेरपीच्या मुलीने मांडीचे स्नायू बळकट करायला शिकवलं: पाय सरळ ठेवून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबून धरायची, मनात दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. संक्रांतीपर्यंत मी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या कठडा न धरता उतरू लागले. तेव्हा कॅप्सूल बंद होत्या.

दुसरा कोर्स सुरू केला आणि नेमकं भाचीचं लग्न आलं. पाहुणे, चुलीपाशी उभं राहणं, व्यायाम पार सुटला. कॅप्सूल एकही चुकली नव्हती, तरी दुखणं परतलं. व्यायाम पुन्हा धरल्यावर हळूहळू उतरलं. एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे नोकरीत शिकले आहे. पण माझ्या गुडघ्यापुरतं मला उत्तर मिळालं: पायऱ्या मला व्यायामाने दिल्या.

त्रास काही झाला नाही. शुगर, बीपी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आधी होतं तसंच. झोप लागेल असं ऐकलं होतं, तीही होती तशीच राहिली. डबीची किंमत मात्र एक क्विंटल कापसाचे जे पैसे हातात पडतात त्याच्या आसपास, आणि वैशाखात पंचेचाळीसच्या पुढे पारा गेल्यावर ती पंचविसाच्या आत ठेवायची कशी? लाइन गेली की फ्रिजही बंद. शेवटची डबी मी माठाखालच्या ओल्या वाळूत, स्टीलच्या डब्यात ठेवली होती.

पुन्हा घेणार नाही. त्या पैशात गावातल्या चार बायांना सेवाग्रामला नेऊन तोच व्यायाम शिकवता येईल, आणि मी ते करते आहे. तरी या संशोधनाची वेगळ्या लोकांनी, मोठ्या संख्येच्या रुग्णांवर तपासणी करावी, असं मला फार वाटतं. म्हाताऱ्या सांध्यांसाठी आपल्याकडे खरंच फार थोडं आहे.

ज्यांना घ्यायच्याच आहेत त्यांनी डॉक्टरांना डबी दाखवावी, आणि अर्क की जोडलेलं पेप्टाइड हे लेखी विचारावं. विक्रेता फोनवर "शुगरची गोळी आता बंद करा" म्हणाला तर तिथेच फोन ठेवावा; आमच्या मुलाला तो तसं म्हणाला होता. एपिटालॉन नावाचं चार आम्लांचं पेप्टाइडही याच मेसेजांत विकलं जातं. ते पेशींमधलं टेलोमरेज, म्हणजे गुणसूत्रांची झिजणारी टोकं पुन्हा लांबवणारं विकर, वाढवतं असा दावा आहे, आणि बहुतेक कर्करोगांच्या पेशी त्याच टेलोमरेजवर तगून असतात. शेजारच्या काकूंच्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यांनी विचारलं तेव्हा मी स्पष्ट नको म्हटलं, आणि त्यांच्या सुनेलाही बोलावून सांगितलं.