आहारतज्ज्ञ एक नंबर, चाचणी मात्र कानांची

खेळाडूंच्या आहाराच्या आणि फिटनेसच्या या केंद्राला एकच रेटिंग द्यायचं म्हणून चार तारे दिलेत. वेगवेगळे देता आले असते तर आहाराला पाच, फिटनेस चाचणीला दोन आणि रिसेप्शनला काय द्यायचं ते खाली वाचून तुम्हीच ठरवा.

मी बॅडमिंटन खेळते, कर्णबधिर गटात, राज्याच्या संघाकडून. चार वर्षांची असताना मेंदूज्वर झाला, त्यात दोन्ही कान गेले. ओठ वाचते, खुणांची भाषा वापरते, आणि हे लांबलचक लिहिते आहे त्यावरून मराठी येते हे कळलंच असेल. घर कराडला, राहते पुण्यात. सकाळ-संध्याकाळ कोर्ट आणि मधे नोकरी. गेल्या हिवाळ्यापासून तिसऱ्या गेमला पाय शिशाचे व्हायला लागले. सर म्हणाले स्टॅमिना कमी पडतोय, म्हणून पळणं वाढवलं. पळणं वाढवल्यावर दुसऱ्याच गेमला दम लागायला लागला. तेव्हा या केंद्राचं तीन महिन्यांचं 'महिला खेळाडू पॅकेज' घेतलं. साडेचौदा हजार, रक्ताच्या तपासण्यांचे पैसे वेगळे. स्वस्त नाही.

नाव नोंदवताना फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, 'ऐकू येत नाही, कृपया मेसेज करा'. तरी फोन आला. उचलला नाही म्हणून पुन्हा आला. मग अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा मेसेज आला. म्हणजे मेसेज पाठवता येतो, फक्त रद्द करायचा असेल तेव्हाच! पहिल्या भेटीला 'सोबत घरचं कोणीतरी आणा, बोलायला सोपं जाईल' असंही सांगितलं, म्हणून दादा आला.

आता आहाराच्या मॅडमबद्दल, कारण खरं कौतुक त्यांचं आहे.

पहिली दहा-पंधरा मिनिटं नेहमीसारखीच गेली. मॅडम दादाकडे बघून विचारत होत्या, दादा मला खुणा करून सांगत होता, मी उत्तर देत होते. जेवणखाण, झोप, दुखापती. मग त्यांनी कागदावर खाली बघितलं, थोड्या थांबल्या आणि दादाला म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसता का जरा. तो गेल्यावर लॅपटॉपची स्क्रीन माझ्याकडे वळवली, अक्षरं मोठी केली आणि टाइप केलं, 'पाळी नियमित येते का? शेवटची कधी आली?' कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. आम्ही बराच वेळ तशाच बोललो, एकच कीबोर्ड इकडून तिकडे. पाळी चार महिने आली नव्हती. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं, दादाच्या हातून तर सांगणं शक्यच नव्हतं. आजवर ज्या ज्या डॉक्टरांकडे गेले तिथे माझ्या आजाराची गोष्ट घरातल्या कुणाच्या तरी तोंडून गेली आहे. त्यामुळे अर्धी गोष्ट जायचीच नाही.

दुभाषा मिळणं सोपं नाही हे मला माहीत आहे. खुणांच्या भाषेचे प्रशिक्षित दुभाषे आपल्याकडे मोजकेच आणि दवाखान्यात यायला तयार असलेले त्याहून कमी. पण लॅपटॉप प्रत्येक टेबलावर असतो.

मग हिशेब झाला. माझं वजन 56 किलो, चरबी वगळली तर साधारण 44. मी दिवसाला खात होते 1800 कॅलरीच्या आसपास आणि त्यातल्या 700 कोर्टावर आणि पळण्यात जात होत्या. उरल्या 1100. भागिले 44, म्हणजे किलोमागे 25. मॅडमनी लिहून दाखवलं की हा आकडा बरेच दिवस 30 च्या खाली राहिला तर शरीर काटकसर करायला लागतं. पाळी थांबते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, दुखापती भरून येत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये याला स्वतंत्र नाव दिलं, इंग्रजीत 'रेड-एस'. पाळी थांबायला दुसरी कारणंही असतात म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवून थायरॉइड वगैरे बघून घ्यायला लावलं, मगच पुढे.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 12.2. कागदावर सगळं छान. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता, त्यांच्यात मी मोडले नसते. पण मॅडमनी फेरिटिनही करायला लावलं होतं, ते आलं 11. पंधराच्या खाली म्हणजे लोहाचा साठा तळाला गेलेला. गोळ्या त्यांनी स्वतः दिल्या नाहीत, डॉक्टरांकडून लिहून आणायला लावल्या. मला हे आवडलं. आपलं काम कुठे संपतं हे माहीत असलेली माणसं कमी भेटतात.

आणि आहाराचा तक्ता! मला वाटलं होतं किनवा, अ‍ॅव्होकाडो, बदामाचं दूध असलं काहीतरी हातात पडणार. मॅडमनी आधी विचारलं, डबा कुठून येतो? मेसचा आहे म्हटल्यावर त्याचा फोटो मागितला. तीन पोळ्या, दोन चमचे बटाट्याची भाजी, पातळ वरण, मूठभर भात. मग तक्ता त्या डब्याभोवती बांधला. डबा तोच ठेवायचा, त्यात घरून एक वाटी मुगाची किंवा मटकीची उसळ, वर लिंबू. सकाळी कोर्टावर जाण्याआधी केळं. सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दोन अंडी आणि नाचणीची भाकरी. भाकरी नसेल तर नाचणीचं सत्त्व दुधात. चहा जेवणासोबत नाही, तासभर पुढे, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. प्रथिनं दिवसाला 90 ग्रॅमच्या घरात हवीत, म्हणून आठवड्यातून तीन-चारदा सोया चंक्सची भाजी. पन्नास ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि पाकीट कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. संध्याकाळी शेंगदाण्याची चिक्की. अळिवाचे लाडू आईने कराडहून पाठवले ते मॅडमनी आनंदाने तक्त्यात बसवले.

रात्रीचं जेवण मी बऱ्याचदा बुडवायचे, त्याचं कारण विचारणाऱ्याही त्या पहिल्याच. कंटाळा नव्हता. दिवसभर ऑफिसात लोकांचे ओठ वाचायचे, मिटिंगमध्ये चार जण एकदम बोलतात तेव्हा कुणाचं तोंड बघायचं ते ठरवायचं, मग कोर्ट. रात्री आठला डोकं इतकं रिकामं झालेलं असतं की भूकच कळत नाही. मॅडमनी यावर उपदेश केला नाही. कोर्टावरून निघायच्या आधीच बॅगेतलं काहीतरी खाऊन टाकायचं आणि रात्री फक्त ताक-भात किंवा मुगाची खिचडी, एवढंच. चालतंय.

आता चाचणीचं बघू.

दम मोजायला इथे वीस मीटरची बीप टेस्ट घेतात. दोन रेषांमध्ये पळायचं, स्पीकरवर बीप वाजायच्या आत पलीकडची रेष गाठायची. सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरने आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. मी ट्रेनरला विचारलं, मला बीप कशी कळणार? तो म्हणाला, शेजारच्या मुलीकडे बघून पळ. म्हणजे ती वळली की मी वळायचं. दर फेरीला अर्धं पाऊल उशीर, शिवाय मान सतत डावीकडे. ती मुलगी सातव्या पातळीला थांबली आणि तिच्या मागोमाग मीही बाद. रिपोर्टमध्ये आलं, 'सर्वसाधारण महिला खेळाडूंपेक्षा कमी'. माझ्या फुप्फुसांची परीक्षा होती की शेजारणीच्या?

मी हे लेखी कळवलं. त्यावर 'तुमच्या गटासाठी हे पुरेसं आहे' असं उत्तर आलं. हे वाक्य मला फार झोंबलं, म्हणून जरा विषय सोडून लिहिते. मदुराईच्या जर्लिन अनिकाने 2022 मध्ये ब्राझीलच्या काशियास दो सुलला झालेल्या डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये, बॅडमिंटनची तीन सुवर्णपदकं घेतली. त्याच स्पर्धेत गोल्फचं सुवर्ण घेणारी दीक्षा डागर त्याच्या आदल्या वर्षी टोकियोला ऑलिंपिक खेळली होती, सगळ्या ऐकणाऱ्या खेळाडूंच्या बरोबरीने. 2025 च्या टोकियो डेफलिंपिक्समध्ये आपल्या प्रांजली धुमाळने पिस्तुलात सुवर्ण घेतलं. आमचा गट कानांनी वेगळा आहे. चांगल्या कानाचीही श्रवणक्षमता सरासरी 55 डेसिबलने कमी असली तर या स्पर्धांना पात्र ठरता येतं. पायांना आणि फुप्फुसांना कुठलीही सूट नाही.

पुढच्या महिन्यात चाचणी पुन्हा घेतली तेव्हा केंद्राच्या फिजिओ ताई मधे पडल्या. दोन्ही रेषांवर एकेक माणूस लाल रुमाल घेऊन उभा केला, बीप वाजली की रुमाल खाली. दोन रुमाल, बाकी काही नाही. मी नवव्या पातळीपर्यंत गेले. त्यातलं किती रुमालाचं आणि किती लोहाच्या गोळ्यांचं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण पहिला आकडाच चुकीचा घेतलेला. माझी खरी तक्रार ही आहे. तीन महिन्यांत सुधारणा किती झाली हे दाखवायचं पॅकेज, आणि सुरुवातीची मोजणी वाया.

तोलाच्या चाचणीतही हेच. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. मी तीन सेकंदांत झुकले. ट्रेनरने 'घोटा कमकुवत' लिहिलं आणि रबरबँडचे व्यायाम दिले. फिजिओ ताईंनी रिपोर्ट बघून विचारलं, कान कशाने गेले? मेंदूज्वर म्हटल्यावर त्यांना लगेच उमगलं. ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं इंद्रिय आतल्या कानात शेजारीशेजारी असतं, मेंदूज्वरात बऱ्याचदा दोन्ही जातात. तोल मग डोळ्यांवर आणि तळपायांवर चालतो. त्यांनी कोर्टावर नेऊन मला उंच शटल मारायला लावलं आणि मान वर गेली की माझा डावा पाय मागे कसा भरकटतो ते मोबाइलवर काढून दाखवलं. छताचे दिवे डोळ्यांत आले की तर हमखास. इतकी वर्षं सर 'पाय नीट ठेव' म्हणायचे, आता कारण कळलं. मान फिरवत सरळ रेषेत चालणं, नजर एका ठिपक्यावर ठेवून डोकं हलवणं, फोमच्या गादीवर उभं राहून शटल झेलणं, असे व्यायाम चालू आहेत. गादीवर असताना बाजूला माणूस हवाच, डोळे मिटून एकटीने करू नका.

जिममध्ये संगीत मोठ्याने लावतात, त्याचं मला काय! पण सर्किटचा टायमरही आवाजाचाच. ट्रेनर म्हणाला, श्रवणयंत्र घालूनच ये. घामाने यंत्र बिघडतं, मी ते रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवते, आणि आमच्या स्पर्धांत कोर्टावर यंत्र घालायला मुळात परवानगीच नाही. ज्याशिवाय खेळायचं त्याशिवायच सराव करायला हवा. फिजिओ ताईंनी दिव्याचं बटण दोनदा उघडबंद करायची पद्धत लावली. आता बाकीच्या मुलीही दिवा लुकलुकला की थांबतात.

काउंटरबद्दल एक इशारा. तिथे व्हे प्रोटीनचे डबे आणि 'वजन घटवणाऱ्या' कॅप्सुली विकायला ठेवल्या आहेत आणि पैसे भरताना दर वेळी विचारतात. डेफलिंपिक्सलाही 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचेच नियम लागू आहेत. डब्यात काय भेसळ होती हे मला माहीत नव्हतं, असं सांगून बंदी चुकत नाही. बॅचची तपासणी झाल्याचा 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखा शिक्का दाखवा म्हटलं तर मुलगा एफएसएसएआयचा नंबर दाखवायला लागला. तो अन्नपदार्थ विकायचा परवाना, उत्तेजक चाचणीशी त्याचा संबंध नाही. आतल्या मॅडम मला पावडर नको म्हणतात आणि बाहेर तीच खपवायला बघतात, हे केंद्राच्या मालकांनी एकदा बसून ठरवावं.

तीन महिन्यांनंतर फेरिटिन 24 झालं. अजून भरपूर नाही. पाळी गेल्या महिन्यात आली. वजन दोन किलोने वाढलं, त्यावर सरांनी भुवया उंचावल्या होत्या, पण तिसरा गेम आता खेळता येतो म्हटल्यावर गप्प बसले.

पुढच्या तीन महिन्यांचे पैसे फक्त आहार आणि फिजिओचे भरले आहेत, चाचणीचे नाही. बीप टेस्ट मी आमच्याच कोर्टावर मैत्रिणीला रुमाल देऊन घेते. कर्णबधिर मुलीला इथे न्यायचं असेल तर आहाराच्या मॅडमचीच वेळ मागा आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर तुम्ही स्वतःहून बाहेर जाऊन बसा. वेळ ठरवायला प्रत्यक्ष जाऊनच या. काल पुन्हा मिस्ड कॉल होता.