३.५ सीसी नायट्रो इंजिन, काही महिन्यांच्या वापरानंतर: निडलला हात सगळ्यात शेवटी

गाडी रिमोटवर चालणारी १/८ स्केलची बग्गी, इंजिन ३.५ सीसीचं, म्हणजे .२१ घन इंच, पुल स्टार्टरवालं, म्हणजे दोरी ओढून सुरू होणारं. इंधनात नायट्रोमिथेन २५ टक्के. उकाड्यात, दमट हवेत आणि कडक थंडीतही चालवून झालं, म्हणून आता लिहितो. नायट्रो इंजिन लहरी असतं असं बरेच जण म्हणतात, पण मला ते पटत नाही. ते बंद पडतं तेव्हा त्याला कारण असतं, आणि बऱ्याचदा ते कारण निडलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूत, नसतं.

सुरुवात गरम करण्यापासून. अशा इंजिनात पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) पितळेची, आतून क्रोम चढवलेली असते. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन वर आला की अडकतो. हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली घट्ट बसणी आहे. इंजिन तापलं की स्लीव्हचा वरचा भाग फुगतो आणि फिटिंग बरोबर जुळतं. नवं इंजिन थंड असताना दोरी ओढली तर सगळा ताण कनेक्टिंग रॉडवर येतो. मी केस वाळवायच्या ड्रायरने हेड चांगलं चटका बसेल इतकं तापवतो, मगच दोरीला हात लावतो. दोरीही पूर्ण ओढायची नाही, वीतभराचे झटपट हिसके पुरतात. पूर्ण ओढली की आतली स्प्रिंग जाते.

इंधन कार्बोरेटरपर्यंत आणायला सायलेन्सरच्या तोंडावर बोट धरून दोन-तीन हिसके द्यावेत. नळीतून इंधन कार्बोरेटरला टेकलं की बोट लगेच काढायचं. त्यानंतरच इग्नाइटर, म्हणजे ग्लो प्लगची तार तापवणारं बॅटरीचं साधन, लावायचा. गाडी सुरूच होत नसेल तर मी पहिला संशय इग्नाइटरच्या चार्जिंगवर घेतो. प्लग बाहेर काढून इग्नाइटरला लावला की तार भगभगीत नारिंगी दिसली पाहिजे, मंद लाल चालत नाही. इथे स्पार्क नसतो. प्लगच्या तारेतलं प्लॅटिनम आणि मिथेनॉलची वाफ यांच्या प्रक्रियेने तार तापलेली राहते, म्हणून इंजिन धरलं की इग्नाइटर काढला तरी चालतं.

दोरी अचानक दगडासारखी झाली तर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत इंधन साचलंय. तिथे जोर करू नका, कारण द्रव दाबला जात नाही, रॉड मात्र वाकतो. प्लग काढा, गाडी उलटी धरा, वर फडकं ठेवून हिसके द्या, इंधन बाहेर येईल.

आता ट्यूनिंग. एक गोष्ट मनात पक्की ठेवली की बाकी सगळं सोपं होतं: या इंजिनाचं तेल इंधनातच असतं. निडल आवळून मिश्रण लीन केलं की इंधन कमी होतं, त्याबरोबर तेलही कमी आणि थंडावाही कमी. म्हणून मी नेहमी रिचकडून (जास्त इंधन) लीनकडे येतो, तेही एका वेळी पूर्ण फेरीचा बारावा भाग, म्हणजे घड्याळातला एक तास. इंजिन पूर्ण तापल्याशिवाय निडल फिरवत नाही. आधी हाय स्पीड निडल. पूर्ण थ्रॉटलवर मागे धुराची सलग रेघ हवी. आवाज घोगरा आणि गाडी जड वाटली तर रिच. धूर गायब, आवाज तीक्ष्ण आणि सरळ रस्त्यावर मध्येच दम तुटला तर लीन. त्या वेळी लगेच थ्रॉटल सोडून निडल उघडावी. मग लो स्पीड निडल. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन हळू चालू असताना, कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबायची. इंजिनाने तीन-चार सेकंदांत किंचित वेग घेऊन बंद पडावं. लगेच पडलं तर लीन, बराच वेळ ओढत राहिलं तर रिच. आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी.

तापमानाची गन माझ्याकडे आहे आणि मी ती वापरतो, पण तिच्यावर ट्यूनिंग करत नाही. प्लगच्या बुडाशी साधारण १०० ते १२५ अंश सेल्सिअस दिसलं की मला ठीक वाटतं. तरी तोच आकडा थंडीत लीन इंजिनही दाखवू शकतं. धूर आणि पिकअप आधी, आकडा त्यानंतर. थंड हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून थंडीत निडल थोडी उघडावी लागते. उकाड्यात आणि दमट हवेत उलट. नायट्रोचं प्रमाण बदललं तरी सेटिंग बदलतं, कारण नायट्रोमिथेन स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं आणि त्याला हवा फार कमी लागते.

मध्यंतरी एक त्रास झाला, तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. भरलेल्या टाकीवर गाडी उत्तम, टाकी अर्धी झाली की पूर्ण थ्रॉटलला लीन. निडल जागेवरच होती. टाकीच्या नळ्या बंद करून, एका नळीतून हलकेच फुंकर मारत टाकी पाण्यात बुडवली, तर झाकणाच्या रबरी रिंगमधून बुडबुडे. एक्झॉस्टचा जो दाब टाकीतून इंधन पुढे ढकलतो, तो तिथून निसटत होता. रिंग बदलली आणि जुनं सेटिंग जसंच्या तसं चाललं. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग सावकाश उतरत असेल तर कार्बोरेटरच्या बुडाची ओ-रिंग आणि बॅकप्लेट (इंजिनाचं मागचं झाकण) बघा, तिथून हवा आत शिरत असते. लीन लो स्पीड निडलही हेच लक्षण दाखवते, पण अशी गळतीतून हवा घेणारं इंजिन निडलने कधीच सुधारत नाही.

एअर फिल्टरला तेल हवंच. कोरड्या फिल्टरमधून गेलेली बारीक धूळ पिस्टन-स्लीव्हची ती घट्ट बसणी खाऊन टाकते, आणि मग गरम इंजिन सुरूच होत नाही.

मिथेनॉलबद्दल जपून राहा: विषारी आहे, कातडीतून शोषलं जातं, आणि उन्हात त्याची ज्वाळा दिसत नाही. ते हवेतला ओलावाही ओढतं, म्हणून कॅनचं झाकण लगेच लावायचं आणि इंजिनात उरलेलं इंधन ठेवायचं नाही, नाहीतर बेअरिंग गंजतात. मी टाकी रिकामी करून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवतो, प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब सोडतो, थोडे हिसके देतो. मग फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन अगदी खाली आणून ठेवतो, म्हणजे थंड होताना आकसणारी स्लीव्ह त्याला वर धरून बसत नाही.