जॉर्जियन वैद्यकीय शब्द: यादी पाठ करावी की वाक्यं?

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, एमबीबीएसला असलेल्या एका मुलीचा प्रश्न होता. शिकवणं इंग्रजीत, पण वॉर्डातला पेशंट जॉर्जियनच बोलणार. मग अवयव-आजारांची यादी घोकायची, की पेशंटशी बोलायची वाक्यं?

मेहनत यादीला कमी. ‘थावी’ डोकं, ‘गुली’ हृदय, ‘सिस्खली’ रक्त, ‘एकिमी’ डॉक्टर. बसमध्ये कार्डं उलटत पाठ होतात. खर्च दोन्हीकडे वही-पेनाचाच.

वापराला मात्र यादी तोकडी पडते. ‘थावी म्तकिवा’ म्हणजे माझं डोकं दुखतंय. ‘त्याचं दुखतंय’ म्हणायला ‘स्तकिवा’, आणि पेशंटला आदराने ‘कुठे दुखतंय?’ विचारायला ‘साद ग्तकिवाथ?’. कोणाला दुखतंय ते क्रियापदाच्या पहिल्याच अक्षरात कळतं, आणि यादीत हे सापडत नाही. शिवाय ‘गुली मेरेवा’ म्हणणाऱ्या पेशंटला मळमळतंय. नुसती यादी पाठ असलेला त्याचा ईसीजी काढायला धावेल! वाक्यं बसायला वेळ लागतो, पण बसली की अवयव बदलत तीच चालवता येतात.

लिपी दोन्हीत टाळू नका. ३३ अक्षरं, कॅपिटल-स्मॉलची भानगड नाही, लिहिलं तसंच वाचायचं. रोमनमध्ये त-थ एक होऊन जातात. देवनागरी त्यात बरी, पण ‘घसा’ या अर्थाच्या शब्दाचा पहिला आवाज तिच्यातही नाही. तो ऐकूनच घ्यावा.

पहिल्या वर्षाला, किंवा औषधाच्या दुकानापुरतं काम असेल तर यादी पुरे. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात पेशंटसोबत शिकणं, तोंडावर असेल तर सरळ वाक्यं धरा, अवयवांची नावं त्यातच येतील.