रोजच्या सायकलवाटेचा पोशाख: कुर्ता-लेगिंग आणि सायकलचे खास कपडे

सायकलने कामावर जायचे ठरवले की पहिला सल्ला मिळतो तो कपडे घ्यायचा. पॅडची शॉर्ट्स, पाठीवर खिसे असलेली जर्सी, पावसाळी जॅकेट आणि बोटे उघडी ठेवणारे हातमोजे असा संच मी बडोद्यातील क्रीडासाहित्याच्या एका मोठ्या दुकानातून घेतला. दांडिया बाजारातील घरापासून राजमहाल रोड, लालबाग, मांजलपूर या वाटेने मकरपुरा जीआयडीसीतील, म्हणजे औद्योगिक वसाहतीतील, कचेरीपर्यंत तो तिन्ही ऋतूंत वापरला, आणि मधूनमधून तीच वाट नेहमीच्या कुर्ता-लेगिंगवरही केली. अंतर सात-आठ किलोमीटरांचे आहे आणि पुलांचे चढ सोडले तर रस्ता सपाट आहे. एवढ्या वाटेसाठी रोजचे कपडे पुरतात असे माझे ठाम मत झाले आहे. मात्र त्या कपड्यांना सांभाळण्याचे काम सायकलीने करायला हवे, आणि आजच्या बऱ्याचशा सायकली ते करत नाहीत.

संचातील सर्वांत महाग कपड्यांपैकी एक म्हणजे पॅडची शॉर्ट्स. तिची शिलाई उत्तम आहे, मांडीला कुठेही काचत नाही आणि कापड ताणून पूर्ववत होते, त्यामुळे वस्तू म्हणून तिला नावे ठेवायला जागा नाही. पण हा पॅड पुढे वाकून, तासन्‌तास, अरुंद सीटवर बसणाऱ्यासाठी बेतलेला असतो. ताठ बसून चालवायच्या सायकलवर शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो, आणि त्या हाडांना पुरेल एवढी रुंद सीट असली की अर्ध्या तासाच्या वाटेत पॅडची उणीव भासत नाही. शिवाय ही शॉर्ट्स अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, कारण आतल्या शिवणी घासू लागल्या तर तिचा मूळ हेतूच फसतो. म्हणजे कचेरीत पोहोचल्यावर कपडे बदलणे आले. आणि जिथे स्वच्छतागृह म्हणजे ओल्या फरशीची एक चिंचोळी खोली असते, तिथे एका पायावर तोल सांभाळत कपडे बदलणे हे रोजचे काम होऊ शकत नाही. वाळवण्याचा प्रश्न वेगळाच आहे. श्रावणात रात्रभर गॅलरीत टांगलेली शॉर्ट्स सकाळी हाताला कोरडी लागते, पण पॅड दोन बोटांत दाबला की आतला ओलावा जाणवतो, आणि तसाच ओला पॅड घालणे म्हणजे त्वचेच्या विकाराला आमंत्रण आहे. रोज वापरायची तर दोन नव्हे, तीन जोड हवेत. पावागडापर्यंत, म्हणजे पन्नासेक किलोमीटर जाणाऱ्यांना मात्र मी ही शॉर्ट्स आनंदाने सुचवीन. तिथे ती दिलेल्या पैशाचे चीज करते.

जर्सीचे गणित उलट आहे. पॉलिएस्टर घाम शोषून ठेवत नाही, तो पृष्ठभागावर पसरवते आणि लवकर सुकते. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि पाठीला चिकटते. असे असूनही बडोद्याच्या कोरड्या चैत्र-वैशाखात, पारा चाळीशीच्या वर गेलेला असताना, सैल विणीचा सुती कुर्ता मला अधिक मानवला, कारण ओले कापड हवेने गार पडते आणि सैलपणामुळे आत वारा खेळतो. पॉलिएस्टरला घामाचा वास फार लवकर धरतो आणि साध्या धुण्याने तो पूर्णपणे जात नाही, ही कचेरीत दिवसभर बसणाऱ्या माणसासाठी लहान गोष्ट नाही. पावसाळ्याच्या दमट दिवसांत मात्र जर्सी सरस ठरते. पाठीच्या सॅकचा विषय इथेच संपवते: सॅक पाठीवर असेल तर कापड कोणतेही असो, खाली घामाचा चौकोन उमटतोच, सॅक कॅरियरला बांधावी.

मुख्य मुद्दा सायकलीचा आहे. शर्यतीच्या धाटणीच्या सायकलींना चेनकव्हर नसते, पूर्ण मडगार्ड नसतात, कॅरियर नसतो. वजन कमी करण्यासाठी हे सारे काढलेले असते, आणि मग जी कामे त्या भागांनी करायची ती अंगावरच्या कपड्यांवर येऊन पडतात. सलवारीचा घेर चेनमध्ये जातो म्हणून घट्ट पँट घ्या, पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो म्हणून जॅकेट घ्या, असे एकातून एक खर्च निघत जातात. जुन्या लेडीज सायकलीला मागच्या चाकावर जाळी असे, तीही आता क्वचितच दिसते. मोटारसायकलींसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकायला सांगतो, आणि ती काळजी सायकलवर ओढणी घेऊन बसणारीसाठीही तितकीच रास्त आहे. ओढणी पाठीमागे सोडून सायकल चालवू नये. ती कमरेला गाठ मारून घ्यावी किंवा सॅकमध्ये ठेवून कचेरीत अंगावर घ्यावी. कुर्त्याचे दोन्ही बाजूंचे कट कमरेपर्यंत असावेत, म्हणजे पेडल मारताना कापड गुडघ्यावर ताणत नाही. अनारकली पद्धतीचा घेर सायकलवर टाळावा हे बरे. जीन्स टिकाऊ असते खरी, पण जांघेतली जाड शिवण नेमकी सीटवर येते आणि एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. पँट घालणाऱ्यांनी उजव्या पायाला वेल्क्रोची पट्टी बांधली तरी काळ्या वंगणाचा डाग वाचतो.

पावसाळी जॅकेटने माझी सर्वाधिक निराशा केली, आणि त्यात कंपनीचा दोष नाही. अशा कापडातून घामाची वाफ बाहेर पडायची तर आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पदाबात चांगला फरक लागतो. थंड प्रदेशात तो सहज मिळतो. आषाढातल्या बडोद्यात बाहेरची हवाच उबदार आणि बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे वाफ आतच राहते आणि पावसाने नाही तर घामाने माणूस भिजतो. खालून उघडा असलेला पोंचो या हवेत अधिक सुसह्य आहे. लालबागच्या पुलावर वाऱ्याने तो फुगतो, म्हणून पुढच्या कडेला अंगठे अडकवायचे फास असलेलाच घ्यावा आणि मागची कड चाकाकडे लोंबत नाही ना हे पाहावे. पायांत मागे पट्टा असलेली रबरी सँडल पुरते. अलकापुरीच्या गरनाळ्यासारख्या, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यासारख्या, ठिकाणी पाणी भरले असेल तर कोणताही पोशाख उपयोगाचा नाही, वाट बदलावी.

हेल्मेट मात्र खास सायकलचेच हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मोटारसायकलींपुरते असल्यामुळे सायकलस्वारावर सक्ती नाही, पण सायकल हेल्मेटसाठीच्या ईएन १०७८ या युरोपीय मानकाची खूण पाहून घेतलेले हलके, झरोक्यांचे हेल्मेट मी कधीच घरी ठेवत नाही. केसांचा अंबाडा असला तर ते पुढे ढकलले जाते आणि कपाळावर घसरते. मानेपाशी सैल वेणी घालावी.

दिसण्याच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवायला हवा. भडक पोपटी रंग दिवसा उठून दिसतो, कारण तो सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांवर उजळतो. रात्री काम करते ती प्रकाश परतवणारी चंदेरी पट्टी. महागड्या जॅकेटवर जी पट्टी असते, तशीच पट्टी रस्त्यावरचे कामगार घालतात त्या दीडेकशे रुपयांच्या बंडीवर मिळते, आणि ती बंडी कुर्त्यावर घातली की काम होते. घोट्यावर बांधलेली पट्टी त्याहून चांगली, कारण पेडलबरोबर ती वर-खाली हलते आणि मागच्या चालकाला हा सायकलस्वार आहे हे लगेच उमजते. हातमोजे घेतले नाहीत तरी चालते.

गुजरातेत राहणाऱ्याला एक वस्तू सांगितलीच पाहिजे, ती कोणत्याही सायकल-संचात नसते: गळ्याभोवती घ्यायचा जाड सुती रुमाल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, तरी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीपासून रस्त्यावर पतंगांचे दोरे आडवे येतात आणि गळे कापले जातात. स्कूटरवाले हँडलला सळईची कमान लावून घेतात; सायकलस्वाराने डिसेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत रुमालाचे दोन वेढे घेतल्याशिवाय निघू नये.

शॉर्ट्स आणि जॅकेट मिळून मला तीन हजारांच्या वर पडले. चेनकव्हर, दोन मडगार्ड आणि कॅरियर हे सारे त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत रावपुऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याकडून बसवून झाले. हे काम मे महिन्यातच उरकावे, कारण पहिला पाऊस पडला की त्याच्याकडे मडगार्डसाठी गर्दी होते आणि मापाचे मिळत नाहीत.