हॉस्टेलमधले सीलिंग अॅक्सेस पॉइंट : वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

लातुरात मी एक तीन मजली हॉस्टेल सांभाळतो. मुलं सगळी नीट-जेईईची. रात्रीची जेवणं उरकली की खोल्याखोल्यांत एकदमच रेकॉर्डेड लेक्चर सुरू होतात, आणि रेंज गेली की पोरं थेट माझ्या दारात. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही वायफाय ६ चे सीलिंगचे अॅक्सेस पॉइंट, म्हणजे छताला लावून वायफाय पसरवणाऱ्या डब्या, बसवले. कंपनी कुठली घेतली यापेक्षा ते कुठे लावले, यानेच जास्त फरक पडला.

बसवायला आलेल्या मंडळींचा आग्रह पॅसेजचा होता. वायर ओढायला सोपं, दिसायलाही नीट. आम्ही ठाम नाही म्हटलं. लांब मोकळ्या पॅसेजात पॉइंटना एकमेकांचाच सिग्नल जोरात मिळतो आणि चॅनलवर, म्हणजे ज्या लहरपट्टीवर ते बोलतात तिच्यावर, गर्दी होते. खोलीतल्या मुलाला मात्र नऊ इंची भिंत आणि तिला टेकवलेलं लोखंडी कपाट ओलांडून उरेल तेवढंच मिळतं. त्यात आमच्या मालकांनी किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिलेला, त्यामुळे स्लॅबमध्ये लोखंड हात न आखडता घातलंय. खालच्या मजल्याचा ५ गिगाहर्ट्झचा (वायफायचा वेगवान, पण भिंतीत लवकर अडणारा) सिग्नल वरच्या मजल्यावर जेमतेम पोचतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर एकाआड एक खोलीत पॉइंट, पंख्याच्या पात्यांपासून लांब, आणि वरचा पॉइंट खालच्याच्या बरोबर डोक्यावर येणार नाही असा.

भोकं पाडण्याआधी एक पॉइंट लांब वायरीवर घोडीला बांधून खोल्यांतून फिरवला. दार लावून, कॉटवर आडवं होऊन आणि अभ्यासाच्या टेबलावर बसून मोबाईलवर सिग्नल पाहिला. दार उघडं ठेवून मोजण्यात अर्थ नाही, पोरं दार लावूनच अभ्यास करतात. उणे ६५ डीबीएमपेक्षा (हे सिग्नलच्या जोराचं माप) कमी, म्हणजे उणे ७०-७५ असं दिसलं की जागा बदलायची, एवढाच नियम. २.४ गिगाहर्ट्झला, म्हणजे वायफायच्या दुसऱ्या, लांब पोचणाऱ्या पट्ट्यात, फक्त १, ६, ११ हे एकमेकांत न मिसळणारे चॅनल ठेवले आणि पॉवर कमी केली. नाहीतर मुलगा वरच्या मजल्यावर गेला तरी मोबाईल खालचाच पॉइंट धरून बसतो.

वायरीत पैसे वाचवू नका. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची कॅट ६ (नेटवर्कची वायर) स्वस्त मिळते, पण पीओईची, म्हणजे पॉइंटला चालवणारी वीजही त्याच वायरीतून जाते, तिथे शुद्ध तांबंच हवं. पीओई स्विच इन्व्हर्टरवर टाकलाय, लाईट गेली तरी वायफाय चालू राहतं. मेस वेगळ्या इमारतीत आहे, तिथपर्यंत फायबर नेली. वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा दोन इमारतींमधली तांब्याची वायर म्हणजे दोन्हीकडच्या यंत्रांना धोका.

खरा त्रास दिला तो उन्हाने. या पॉइंटवर ४० अंशांची मर्यादा लिहिलेली, आणि मे महिन्यात गच्चीखालचा स्लॅब रात्री दहालाही हाताला गरम लागायचा. वरच्या मजल्यावरचे दोन पॉइंट दुपारी आपोआप रीस्टार्ट व्हायचे. गच्चीवर चुना मारला, पॉइंट स्लॅबपासून थोडे सुटे करून पट्टीवर घेतले, मग ते थांबलं. आपल्याकडे गच्चीखाली लावणाऱ्यांनी ही तजवीज आधीच करावी.

जिन्यापलीकडची कोपऱ्यातली खोली अजून लंगडी आहे. मधे जिन्याची भिंत आणि पाण्याची टाकी. तिथे पॉवर वाढवून भागत नाही, कारण पॉइंटचा आवाज मोबाईलपर्यंत गेला तरी मोबाईलचा आवाज परत यायला हवा ना! या सुट्टीत तिथे वेगळी वायर ओढतोय.