"परागकण चिकटणारच नाहीत" असं सांगून माझ्या गाडीच्या पेंटची वाट लावली

फुलोऱ्याचा मोसम तोंडावर आलाय आणि सिरॅमिक कोटिंगच्या (पेंटवर लावायचा पातळ, कडक, पारदर्शक थर) नावाखाली मला जे सांगून गंडवलं तेच शब्द आता अजून बऱ्याच जणांच्या कानावर पडणार, म्हणून वेळ काढून सगळं लिहितेय. लांबलंय, पण गाडी डार्क रंगाची असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

गाडी गडद निळी, बाबांनी खूप हौसेने घेतलेली, आता मी चालवते. पार्किंगला वर झाडं आहेत. दरवर्षी फुलोऱ्याचे ते काही आठवडे आले की सकाळी गाडीजवळ जावं तर छत, बॉनेट, काचा सगळं पिवळंधमक, बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर. धुतली की दुसऱ्या दिवशी परत तेच. अशात एका डिटेलिंगवाल्याने, म्हणजे गाडी साफ-पॉलिश करून चकाचक करून देणाऱ्याने (नाव लिहीत नाही, आणि नाव एकच नाहीये, ही ट्रिक बरेच जण करतात हे मला नंतर कळलं) सांगितलं की मॅडम, आमचं सिरॅमिक कोटिंग करा, पाच वर्षांची वॉरंटी, परागकण पेंटला चिकटणारच नाहीत, धुवायची कटकटच संपली, नुसतं कोरडं मायक्रोफायबर फिरवायचं की गाडी नवी. ९एच हार्डनेस आहे म्हणाला, दगडासारखं कडक. मी इतकी वैतागले होते त्या पिवळ्या पुडीला की लगेच हो म्हणलं.

आता तो मीटरचा प्रकार नीट वाचा, कारण माझा विश्वास बसला तो त्याच्यामुळेच. त्याच्याकडे पेंटची जाडी मोजायचं छोटं मशीन होतं, हातात मावेल एवढं. सकाळी गाडी देताना त्याने ते बॉनेटवर टेकवलं, स्क्रीनवर ११२ आलं. संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तर परत टेकवलं, आता १२९. "बघा मॅडम, १७ मायक्रॉनचा थर चढलाय." (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आकडा डोळ्यासमोर दिसतोय म्हणल्यावर माणूस अजून काय विचारणार? मग त्याने बॉनेटवर बाटलीने पाणी ओतलं, गोल गोल थेंब झाले आणि घरंगळत खाली गेले, पेंट आरशासारखा चमकत होता, जुन्या बारीक चरासुद्धा गायब. मी खूष होऊन गाडी घरी आणली, बाबांना फोटो पाठवला.

पहिले दोन आठवडे सगळं छान. पिवळा थर यायचाच, तो काही थांबला नाही, पण मी त्याने दिलेल्या कपड्याने रोज सकाळी कोरडंच पुसत होते, त्यानेच सांगितलं होतं ना. तिसऱ्या आठवड्यात उन्हात गाडी बघितली तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल चरा, आधी होत्या त्याच्या दुप्पट. आणि एका रात्री बारीक रिमझिम झाली, सकाळी कडक ऊन पडलं, दुपारी बघते तर छतावर मळकट डाग उमटलेले, कडेला रिंग असलेले, शॅम्पूने धुतले तरी हलेनात. बोट फिरवलं तर डागाच्या कडा बोटाला लागत होत्या, म्हणजे डाग वर बसला नव्हता, पेंटच तिथे आक्रसल्यासारखा झाला होता.

दुकानात गेले तर त्याने शांतपणे वॉरंटी कार्ड उलटं केलं. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, झाडांचा चीक, पक्ष्यांची विष्ठा, परागकण आणि इतर नैसर्गिक कारणांनी पडलेले डाग वॉरंटीत नाहीत. परागकण! ज्या गोष्टीसाठी कोटिंग विकलं तीच गोष्ट कार्डातून बाहेर. वर म्हणतो तुम्ही दर तीन महिन्यांनी मेंटेनन्सला आला नाहीत तर तशीही वॉरंटी जातेच. अहो तीन महिने व्हायचे होते अजून! शेवटी फुकट अजून एक कोट मारून देतो म्हणाला, मी नको म्हणलं आणि निघाले.

माझा मामेभाऊ बॉडी शॉपमध्ये पेंटर आहे, इतकी वर्षं हेच काम करतो, आणि मी त्याला आधी विचारलं नाही ह्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याने गाडी सावलीत घेतली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून तळहाताएवढ्या भागावर मारलं, पुसलं आणि टॉर्च तिरका धरला. त्या तळहाताएवढ्या तुकड्यात सगळ्या जुन्या चरा डोळ्यासमोर वर आल्या, बाजूचा भाग मात्र अजून थोडा गुळगुळीत दिसत होता. "अगं ताई, हे कोटिंग नाहीच, ग्लेझ आहे. तेलकट फिलर असतो, चरांमध्ये भरून बसतो, चार धुण्यांत निघून जातो. वरून स्प्रे वॅक्स मारलंय पाण्याचे थेंब दाखवायला."

मग मी त्याला मीटरचं सांगितलं. त्याने स्वतःचा मीटर काढला आणि माझ्यासमोर बॉनेटच्या मधोमध टेकवला, ११३. एक वीत बाजूला सरकवला, १२१. कडेजवळ नेला, १३०. एकच बॉनेट, एकच पेंट. कारखान्यात पेंट मारताना सगळीकडे सारखा बसत नाही, दहा-पंधरा मायक्रॉनचा फरक सहज असतो, म्हणजे त्या माणसाने सकाळी एका जागी मोजलं आणि संध्याकाळी दुसऱ्या जागी, बस एवढंच. आणि खरं सिरॅमिक कोटिंग वाळल्यावर साधारण एक-दोन मायक्रॉनचं असतं, ते असल्या मीटरवर नीट दिसतच नाही. फॅक्टरीचा सगळा पेंट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला वरचा क्लियर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ४०-५० च्या आसपास. त्यामुळे १७ मायक्रॉन चढलं असं कोणी मीटर दाखवून सांगितलं तर तिथूनच गाडी परत फिरवा.

९एच चं पण तसंच. ती पेन्सिलची स्केल आहे, आपण ड्रॉइंगला वापरतो त्याच पेन्सिली, कडक पेन्सिल दाबून ओढायची आणि फिल्मवर चरा पडतो का बघायचं. दगडांच्या कडकपणाची स्केल वेगळी, त्यात हिरा १० वर असतो. ९एच ऐकून आपल्याला वाटतं हिऱ्याच्या जवळपास काहीतरी आहे, तसं अजिबात नाही, धूळ घासली की त्यावरही चरा पडतातच.

वेळेवरूनही कळायला हवं होतं. नीट करायचं तर आधी गाडी धुवायची, लोखंडाचे कण काढणारं केमिकल मारायचं, क्ले बार (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवायचा, मग पॉलिश, मग अल्कोहोलने सगळं तेल पुसून काढायचं आणि त्यानंतर छोट्या बाटलीतलं कोटिंग थोड्या थोड्या भागावर लावून पुसत जायचं. लावल्यावर निदान १२ ते २४ तास पाणी लागू द्यायचं नाही, पुढे आठवडाभर शॅम्पूही नाही. माझी गाडी सकाळी दिली, संध्याकाळी मिळाली, आणि त्याने तर तिथेच पाणी ओतून दाखवलं.

पण मला सगळ्यात जास्त राग आहे तो त्या "कोरडं पुसा" वाल्या सल्ल्याचा. कोटिंग खोटं निघालं तर पैसे गेले असं म्हणून गप्प बसता येतं, पण त्या सल्ल्याने मी माझ्याच हाताने रोज सकाळी बाबांच्या गाडीचा पेंट घासत होते. परागकणाचं बाहेरचं कवच फार चिवट असतं, काहींवर तर काटे असतात, आणि त्या पिवळ्या थरात नुसते पराग नसतात, रस्त्याची धूळ, वाळूचे बारीक कण सगळं मिसळलेलं असतं. कोरडा कपडा फिरवला की ते सगळं पॉलिश पेपरसारखं क्लियर कोटवर घासलं जातं, कपडा कितीही मऊ असो.

आणि डागांचं कारण भावाने सांगितलं तेव्हा रिमझिमीचं कोडं सुटलं. पराग कोरडा असताना तसा निरुपद्रवी असतो, पण ओला झाला की फुगतो, फुटतो आणि आतलं पेक्टिन बाहेर येतं, फळांच्या गरात असतं तेच चिकट. ते वाळताना आकसतं आणि खालच्या क्लियर कोटला ओढून धरतं. म्हणून जोराचा पाऊस बरा, सगळं वाहून नेतो. दव किंवा रिमझिम आणि त्यावर ऊन हे सगळ्यात वाईट.

खरं कोटिंग वाईट नाही हेही सांगते, नाहीतर अर्धवट होईल. ते असलं की पराग तितका घट्ट बसत नाही, पाण्याच्या धारेने लवकर निघतो, डाग पडायच्या आधी थोडा जास्त वेळ मिळतो. पण पडायचा तो पडतोच आणि धुवावं लागतंच. करून घ्यायचंच असेल तर बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा, बॅच नंबरचा फोटो काढा, पॉलिश झाल्यावर आणि अल्कोहोलने पुसल्यावर, पण कोटिंग लावायच्या आधी, टॉर्चखाली पेंट दाखवा म्हणा. जो खरं काम करतो तो आनंदाने दाखवतो, माझ्या भावाला तर असं कोणी विचारलं की बरंच वाटतं. वॉरंटी कार्डाची मागची बाजू पैसे द्यायच्या आधी वाचा, मी नंतर वाचली. आणि "परागकणांपासून संरक्षण" हे त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

भावाने छतावरच्या डागांवर गरम पाण्यात भिजवलेलं मायक्रोफायबर ठेवलं, काही मिनिटांनी परत बदललं, असं चार-पाच वेळा केलं. उष्णतेने पेक्टिन सुटतं आणि पेंटही थोडा पूर्ववत होतो, बरेच डाग फिके झाले, काही पूर्ण गेले. (पॅनल थंडगार असताना एकदम उकळतं पाणी ओतू नका, आणि काचेपासून लांब.) बॉनेट त्याने मशीनने पॉलिश केलं, पण प्रत्येक पॉलिशला क्लियर कोट थोडा थोडा जातो, म्हणून खोल चरा त्याने मुद्दाम सोडल्या. आता मी दोन-तीन दिवसांआड आधी नुसत्या पाण्याची धार मारते, मग फोम लावून पाच मिनिटं थांबते, पण वाळू देत नाही, परत धार, आणि मग दोन बादल्या, एकीत पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना क्षार) शॅम्पू आणि दुसरीत गाडी धुवायचा ग्लोव्ह खळबळायला साधं पाणी. भांड्याचा साबण अजिबात नाही, तो वॅक्स काढून टाकतो. सगळं सावलीत, पॅनल गार असताना. रिमझिम झाली की दुसरं काम बाजूला ठेवून त्याच दिवशी धुते. वायपरच्या खाली जी जाळी असते तिथेही पिवळा गाळ साचतो, तो काढते, नाहीतर पाणी जायचे मार्ग तुंबतात, आणि मोसम संपला की एसीचा केबिन फिल्टर बदलते.

छतावर दोन डाग राहिलेत, ड्रायव्हरच्या बाजूला, एक नखाएवढा आणि एक त्याहून थोडा मोठा. बाबांना अजून सांगितलेलं नाही, ह्या रविवारी सांगणार आहे.