शिवसागरावरील केबिन बोटीचे अंतर्गत काम : एका पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

आमची सुमारे तीस फूट लांबीची फायबरची केबिन बोट कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, तापोळ्याच्या काठाला असते आणि दिवाळीपासून मे अखेरपर्यंत घरच्यांच्या व पाहुण्यांच्या दिवसभराच्या सफरींसाठी वापरली जाते. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तिच्या आतील सर्व काम, म्हणजे बैठका, कप्पे, ओटा, टेबल, जमीन, छत आणि छोटे स्वच्छतागृह, साताऱ्यातील एका वर्कशॉपकडून नव्याने करून घेतले. तेथील मुख्य मिस्त्री काही वर्षे आखातात आलिशान यॉटच्या अंतर्गत कामावर होते आणि त्यांच्याच भरवशावर आम्ही घरगुती फर्निचरच्या दुपटीहून अधिक दर मान्य केला. आता एक हंगाम आणि ताडपत्रीखाली काढलेला एक पावसाळा पार पडला आहे. माझे मत असे की, जे काम ‘ही बोट आहे’ हे धरून केले गेले ते उत्तम टिकले आणि जे घरातील दिवाणखान्याच्या सवयीने उरकले गेले ते पहिल्याच वर्षात उघडे पडले.

मापे घेण्याची पद्धत पाहूनच पहिला विश्वास बसला. बोटीच्या आत काटकोन जवळजवळ नसतोच; बाजू वर जाताना बाहेर झुकतात, पुढे सरकताना आत वळतात आणि डावी बाजू उजवीशी तंतोतंत जुळतेच असे नाही. मिस्त्रींनी टेपने मापे घेऊन आराखडा काढण्याऐवजी पातळ प्लायच्या पट्ट्या गरम गोंदाने एकमेकींना चिकटवत प्रत्येक कोपऱ्याचा पूर्ण आकाराचा फर्मा उभा केला आणि ते सारे फर्मे टेम्पोत घालून कासच्या रस्त्याने साताऱ्याला नेले. बोट पाण्यावर तरंगत असताना तिच्या आत पाणसळ किंवा ओळंबा लावण्यात काही अर्थ नसतो, कारण एक माणूस या बाजूचा त्या बाजूला गेला तरी बुडबुडा सरकतो. मी सवयीने पाणसळ पुढे केली तेव्हा ते हसून म्हणाले, “दादा, ती ठेवा पिशवीत. हितं बोटीचीच रेघ धरायची, पाण्याची न्हाई.” मग त्यांनी नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत मधोमध दोरी ताणली आणि पुढची सगळी मापे त्या दोरीवरून घेतली. मोठ्या यॉटच्या बांधणीतही मध्यरेषा आणि जलरेषा आधी आखून घेतात व प्रत्येक पॅनेल त्यांच्याशी जुळवतात. तीच शिस्त येथे पाळली गेल्यामुळे बसवताना एकही कप्पा आत जाऊन अडला नाही. केबिनच्या दारातून न जाणारी मोठी बैठक आधीच तीन भागांत केलेली होती, हेही नमूद केले पाहिजे.

वजनाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो बहुतेक ग्राहक विचारतच नाहीत. १८ मिलिमीटर जाडीची आठ बाय चार फुटांची एक मरीन प्लायची शीट साधारण ३५ किलो भरते. आमच्या मनातल्या आराखड्यात अशा डझनभर शीट होत्या, म्हणजे चारशे किलोंच्या पुढचा भार, आणि त्यातला बराचसा वरच्या कप्प्यांत. वजन जितके उंचावर, तितकी बोट अधिक डोलते आणि सावरायला वेळ लावते. वर्कशॉपने वरच्या कप्प्यांसाठी ९ मिलिमीटरची प्लाय हलक्या चौकटीवर बसवली, तर टेबल आणि दारे ॲल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या गाभ्याच्या पॅनेलची केली. दोन्ही बाजूंना पातळ थर, त्यावर सागाचे व्हेनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि कडेला भरीव सागाची पट्टी. आलिशान यॉटमध्ये जे सागवान किंवा अक्रोड भरीव वाटते, तेही पुष्कळदा असेच मिलिमीटरहून पातळ व्हेनियर असते. आमचे टेबल एका हाताने उचलता येते आणि वाऱ्याच्या दिवशी बामणोलीकडे जाताना बोट पूर्वीपेक्षा कमी कलते, हा फरक पहिल्या फेरीतच जाणवला.

मात्र या पॅनेलच्या पोकळ गाभ्यात स्क्रू धरत नाही. जेथे स्क्रू यायचा तेथे आधी भरीव ठोकळा किंवा धातूची आट्यांची नळी (इन्सर्ट) बसवावी लागते. चारपैकी तीन दारांत ती होती. चौथ्या दाराची बिजागरी जानेवारीत पॅनेलच्या पातळ थरासकट उपटून हातात आली. वर्कशॉपने ते दार विनामूल्य बदलून दिले, पण निरोप देऊनही माणूस यायला महिना गेला आणि तोवर आम्ही ते दार दोरीने बांधून फिरलो.

ओलाव्याविरुद्ध केलेले काम दिसत नाही, पण पैसे तेथेच वसूल झाले. प्लाय आयएस ७१० या मरीन प्लायच्या भारतीय मानकाची होती. तिचा गोंद उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, हे खरे असले तरी कापलेल्या कडेतून लाकूड पाणी पितेच. म्हणून प्रत्येक कापलेली कड इपॉक्सीने (घट्ट होऊन पाणी अडवणाऱ्या रेझिनने) बंद केली होती, आणि जेथे स्क्रू जायचा तेथे आधी मोठे भोक पाडून ते इपॉक्सीने भरून, ते वाळल्यावर त्याच जागी बारीक भोक पाडून स्क्रू पिळला होता. हे वेळखाऊ काम आहे आणि मी ते वर्कशॉपमध्ये उभा राहून पाहिले आहे. कप्प्यांची पाठ बोटीच्या बाजूला चिकटवलेली नाही. मागे दोन बोटे जागा सोडली आहे आणि दारांना जाळीदार खाचा आहेत. थंडीत पहाटे जलाशयावर धुके उतरते तेव्हा बंद केबिनमधील दमट हवेचे पाणी गार फायबरवर थेंबाथेंबाने जमते. ते या फटीतून खाली ओघळून जाते आणि हवा खेळत राहिल्याने वाळतेही. जुन्या कामात याच कप्प्यांतून कुबट वास येत असे. या पावसाळ्यात सगळी दारे सताड उघडी ठेवली होती आणि ताडपत्री काढल्यावर कप्प्यांत बुरशीचा ठिपकाही नव्हता. बैठकीच्या गाद्यांखाली मात्र सपाट प्लाय ठेवली होती. तेथे रेक्झिनच्या खालच्या बाजूला काळे डाग पडले. पट्ट्यांची चौकट किंवा निदान भोके हवी होती.

रोजच्या वापरात खटके आणि कडा यांचा फार उपयोग झाला. खण किंचित उचलल्याशिवाय बाहेर येत नाही, दारांना दाबून उघडायचे खटके आहेत आणि ओट्याला व टेबलाला बोटभर उंचीची काठपट्टी आहे. शेजारून स्पीड बोट गेली तरी चहाचे कप जागेवर राहतात. जमिनीच्या फळ्या खाचेत हाताचे बोट घालून उचलता येतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की धक्क्यापासून बोटीपर्यंत लाल चिखल तुडवत यावे लागते आणि तो चिखल या खाचांत हमखास भरतो, पण फळ्या उचलून काठावर धुता येतात, हे अधिक मोलाचे.

आता तक्रारी. छताचे काम, मला वाटते, दुसऱ्या कोणा कारागिराकडे सोपवले गेले असावे, कारण ते शहरातल्या फ्लॅटच्या फॉल्स सीलिंगप्रमाणे स्क्रू मारून, सांधे पुट्टीने भरून आणि वर रंग लावून केले आहे. इंजिनाच्या कंपाने पहिल्या दोन महिन्यांतच सांध्यांना तडे गेले. मार्चमध्ये एक दिवा बंद पडला तेव्हा वायरपर्यंत पोहोचण्यासाठी छत कापावे लागले. यॉटमध्ये छताची पॅनेल खटक्यांवर किंवा वेल्क्रोवर बसवतात ती याचसाठी. खिडक्यांखालच्या व्हेनियरवर घरगुती मेलामाइन पॉलिश मारले होते. ऊन आणि पाणी यांच्यामध्ये ते पांढरे पडून पोपडे धरू लागले आहे. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे लावून त्याचे वेगळे पैसे घेतले, वास्तविक त्या स्टीलमधील मॉलिब्डेनम खाऱ्या पाण्यापासून बचावासाठी असते आणि कोयनेच्या गोड्या पाण्याला ३०४ पुरेसे होते; उलट स्वच्छतागृहाच्या दाराला मुलामा दिलेल्या लोखंडी बिजागऱ्या बसवल्या आणि त्या गंजल्या. ही विसंगती मला सर्वाधिक खटकली.

आणखी एक गोष्ट. बसवण्याचे काम संपल्यावर तळाशी पाणी साचण्याच्या जागेतील भुसा कोणी काढला नाही. पहिल्याच महिन्यात पंप घरघरू लागला. जाळी काढली तर ओल्या भुशाचा गोळा आणि त्यात अडकलेला एक स्क्रू. तळातले पाणी उपसणारा पंप बंद पडणे ही साधी गैरसोय नव्हे.

असे काम करून घेणाऱ्याने, दर ठरवण्याआधी, प्रत्येक मोठ्या वस्तूचे अंदाजे वजन लिहून मागावे, छत आणि जमीन हत्याराशिवाय उघडतील अशी अट घालावी आणि काम घेताना फळ्या उचलून तळ पाहावा. आम्ही याच वर्कशॉपला छत नव्याने करायला सांगितले आहे. या वेळी सुटी पॅनेल, खिडक्यांखाली दोन घटकांचे पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश आणि बैठकीखाली पट्ट्यांची चौकट असे लेखी ठरले असून मिस्त्रींनी छताचे फर्मे स्वतः घ्यावेत, हेही त्यात घातले आहे. अर्धी रक्कम दिवा बदलून दाखवल्यानंतर द्यायची आहे.